सुबारूची २०२६ची फळी: लेगसी गेली, आउटबॅक फुगली. वॅगन मारली कोणी?

मेट्रोपार्क (धागाकर्ता)

सुबारूने अमेरिकेत २०२६ मॉडेल वर्षासाठी जी फळी उतरवली आहे तीत लेगसी नाही. इंडियानातल्या लाफायेटच्या कारखान्यात १९८९पासून बनणारी ही सेडान २०२५च्या मॉडेलनंतर बंद. इम्प्रेझाची सेडान त्याआधीच, २०२४ला, गेली होती. आता मागे वेगळी ट्रंक असलेली चार दारांची एकच गाडी उरली, डब्ल्यूआरएक्स. ती टर्बोवाली, कडक सस्पेन्शनची, पोरांची गाडी. सासूबाईंना मागे बसवून मंडळाच्या कार्यक्रमाला न्यायची ती नव्हे.

सेडानचं मला फार सुतक नाही. राग आहे तो आउटबॅकचा. तीस वर्षं ही खरीखुरी वॅगन होती: सेडानचाच सांगाडा, लांब छप्पर, जमिनीपासून थोडी उचललेली. एप्रिल २०२५ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात नवी दाखवली ती सरळ खोका. उभं नाक, उभी पाठ, चाकांभोवती काळं प्लास्टिक. सगळ्यात स्वस्त ट्रिम (त्याच गाडीचा कमी सोयींचा प्रकार) काढून टाकली, त्यामुळे सुरुवात २९ हजार डॉलरच्या आसपास होती ती ३५ हजारांवर गेली. फॉरेस्टर, क्रॉसट्रेक, असेंट, सोल्टेरा या एसयूव्ही कमी होत्या म्हणून आणखी एक? 'ग्राहकांना हेच हवंय' हे उत्तर मला पटत नाही. वॅगन कंपन्यांनी मारली, आणि सरकारी नियमांनी त्यांना सुरी पुरवली.

गणितातला_गुरव

दणकून असहमत. २०२३मध्ये अमेरिकेत लेगसी खपल्या साधारण २५ हजार. त्याच वर्षी आउटबॅक १ लाख ६० हजारांच्या वर. दोन्ही त्याच कारखान्यातल्या. तुम्ही मालक असतात तर काय केलं असतंत?

आणि हे सुबारूपुरतं नाही. फोर्डने २०१८मध्येच सांगितलं की अमेरिकेत मस्टँग सोडून बाकी कार बंद. शेव्हरोलेची मालिबू २०२४च्या अखेरीस गेली. सगळ्यांनी मिळून कट केला म्हणता?

मेट्रोपार्क

कट नाही हो, सोय. २००५च्या आउटबॅकची गोष्ट बघा. सुबारूने ती थोडी उचलली आणि अमेरिकेच्या नियमांत ती 'कार' न राहता 'लाइट ट्रक' झाली. ट्रकला मायलेजचे निकष सैल. शिवाय मागच्या काचा काळ्या करायची मुभा. गाडी तीच, रस्ता तोच, कागदावर जात बदलली. हे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं, माझी पुडी नव्हे. जो आकार विकला की नियमांचं ओझं कमी होतं, त्याच आकारावर जाहिरातीचा पैसा ओततात. मग गिऱ्हाईक तेच मागतं आणि आपण म्हणतो, बघा, मागणी आहे.

सेडान खपतच नाही म्हणाल तर टोयोटाची कॅमरी २०२४मध्ये ३ लाखांच्या वर गेली. २०२५पासून ती फक्त हायब्रिड मिळते, तरी लोक घेतात.

गणितातला_गुरव

कॅमरीने तुमचाच मुद्दा पाडला की. तेच नियम, तोच देश, आणि सेडान खपते. म्हणजे दोष नियमांचा नाही, लेगसी डावी पडली. आणि २०२५च्या उन्हाळ्यातल्या कायद्याने मायलेज न पाळल्याचा दंडच शून्यावर आणला. आता कोणती सुरी राहिली?

मेट्रोपार्क

गाडीचा आराखडा चार-पाच वर्षं आधी ठरतो. दंड आज शून्य झाला म्हणून उद्या वॅगन येत नाही. कॅमरीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

अश्विनी_मिशिगन

तुमचे ट्रक-कार वाद चालू द्या. माझी आई सहा महिने इथे असते, दोन्ही गुडघे बदललेले. सेडानमध्ये बसताना आधी पाठ आत, मग मान वाकवायची, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. उतरताना दाराच्या वरच्या कडेला हात घालून स्वतःला ओढून काढायचं, आणि तोवर मागचा हॉर्न वाजवतो. उंच सीटच्या गाडीत ती नुसती मागे सरकून बसते. ज्यांना आईवडिलांची ने-आण करायची आहे त्यांना खोका चालतो. दिसायला कसा का असेना.

लांब_छप्पर

@अश्विनी, ते जुन्या आउटबॅकमध्येही होत होतंच. सीट ना खाली ना वर, कमरेच्या उंचीला. जमिनीपासून ८.७ इंच तेव्हाही होते, नवीतही तेवढेच आहेत. वाढलंय ते वरचं.

मला त्रास छताचा आहे. मी पाच फूट एक इंच. जुनीच्या रेल्सवर सायकल चढवायला दारातल्या पायरीवर एक पाय ठेवला की काम व्हायचं. नवी शोरूममध्ये बघितली, तिथे मला स्टूल लागेल. गणपतीत आम्ही मखराच्या पट्ट्या मागची सीट पाडून लांबीत सरकवतो. त्याला लांबी लागते, उंची नाही. उंची कुठे लागते? उभा फ्रिज न्यायला. फ्रिज दर आठवड्याला नेतं कोण?

कोथरूडकर

भारतातून वाचतोय. सुबारू इकडे विकतच नाहीत, पण वॅगनचा शोक आम्ही कधीच उरकून बसलोय. टाटाची इस्टेट १९९२ची, आमच्या पिंपरीची. नंतर इंडिगो मरिना, स्कोडाची ऑक्टेव्हिया कॉम्बी, मारुतीची बलेनो अल्टुरा. सगळ्या आल्या आणि गेल्या. लोक म्हणायचे, 'शववाहिका वाटते.' इथे कुठला लाइट ट्रकचा नियम होता?

तरी धागाकर्त्याचं निम्मं म्हणणं मान्य. कर आकार ठरवतो हे आमच्याकडे तर उघड दिसतं. चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून २०१२मध्ये डिझायरची डिकी चक्क छाटली. सेडानला शेपूटच नाही! अगदी आत्ता, सप्टेंबर २०२५च्या जीएसटी बदलातही चार मीटरची रेघ राहिलीच: आतल्या छोट्या इंजिनच्या गाडीला १८ टक्के, मोठीला ४०.

पायी_चालणारा

कोणी चालणाऱ्यांचा विचार करणार का? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने, आयआयएचएसने, २०२३मध्ये हिशेब मांडला: बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल तर धडकेत पादचारी मरण्याची शक्यता, ३० इंचांच्या आतल्या उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा साधारण ४५ टक्के जास्त. उभी नाकं फॅशन म्हणून आणताय, पोरं रस्त्यावर आमची.

गणितातला_गुरव

ते मोठे पिकअप आणि महाकाय एसयूव्ही. आउटबॅकला त्यांच्या पंगतीला बसवू नका. आयसाइट, म्हणजे कॅमेऱ्याने पाहून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, तीत आहे.

पायी_चालणारा

कॅमेऱ्यावर बर्फ साचतो. उतरतं नाक बाराही महिने उतरतंच असतं.

डीलरचा_भाऊ

पॉपकॉर्न बाजूला ठेवून एक सांगतो. वॅगनप्रेमी म्हणून जे कळवळून बोलतात, त्यातले किती नवी गाडी घेतात? बहुतेकांना पाच वर्षं वापरलेली, कमी मैलांची, एकाच मालकाची हवी असते. कारखाना नव्या गाडीवर चालतो. तुमचं प्रेम सेकंडहँड बाजारात खर्च होतं, त्याचा कंपनीला छदाम मिळत नाही.

आणि नवी आउटबॅक वाईट नाही. एसीची बटणं परत आली, आधी सगळं पडद्यात होतं. सामानाची जागा दोनेक घनफूट वाढली. फक्त आता ती लाफायेटला नाही, जपानात बनते आणि फॉरेस्टर इंडियानात आली. जपानी गाडीवर १५ टक्के आयात शुल्क आहे हे किमतीबद्दल बोलताना धरा.

लांब_छप्पर

माझी २०१९ची मी नवीच घेतली होती. पुढची पण नवीच घेणार होते. तुमच्या हिशेबात मला एक धरा.

गंमत म्हणजे त्याच न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात सुबारूने ट्रेलसीकर दाखवली: विजेवरची, ३७५ अश्वशक्ती, टोयोटाबरोबर बनवलेली. छप्पर लांब, पाठ उतरती. माझ्या मते जुन्या आउटबॅकची वारस तीच. पण आमच्या कॉन्डोत चार्जर नाही आणि असोसिएशनची मीटिंग पुढच्या पुढच्या महिन्यात ढकलली जाते.

मेट्रोपार्क

ती मी पण बघून ठेवलीय. आत्तापुरतं विचारतो, डीलरकडे शिल्लक राहिलेली २०२५ची आउटबॅक घ्यावी का? टर्बोवाली नको, साधं २.५ लिटरचं इंजिन.

डीलरचा_भाऊ

घ्या. पण कोणत्या महिन्यात बनली ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा. वर्षभर लॉटमध्ये उभी असेल तर नवी बॅटरी आणि टायरवरची सूट आधी मागून घ्या, मग किमतीवर या. रंग निवडायला मिळणार नाही.

गणितातला_गुरव

बघा, शेवटी धागाकर्ता पण सवलतीतलीच घेणार!