पाखरं यायच्या ऐन मोसमात नोंदवही मिटून ठेवावी का?

करमळीचा काठ

मंडळी, निर्णय जवळपास झालेला आहे, पण तुमच्यापुढे मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गेली नऊ वर्षं दर रविवारी पहाटे मी गोव्यातल्या फोंड्याहून करमळीच्या तळ्यावर जातो. दोन तास पक्षी मोजायचे, वहीत उतरवायचे आणि रात्री त्यावर पानभर लिहून साठ-सत्तर ओळखीच्यांना पाठवायचं, असा नेम. सात वह्या भरल्या. अंगात कणकण असताना गेलो, पावसात छत्री धरून गेलो, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशीही गेलो. या ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत हे सगळं थांबवायचं म्हणतोय.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तरी जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. सक्सेशन डीडसाठी, म्हणजे वारसाच्या दस्तासाठी, मुंबईच्या भावाची सही हवी, आणि सहीआधी त्याच्याशी शांतपणे बसून बोलायला हवं. मुलगी दहावीला आहे. कुळागरातला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतला, पाट दोन वर्षं उपसलेला नाही. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं, आणि दोन्ही वेळा "थंडी सरू दे, मग बघू" असं म्हणणारा मीच होतो. थंडीत बदकं येतात, म्हणून.

ही कामं मला ठाऊक होती, तरी मी हललो नव्हतो. हललो तो यंदाच्या चवथीला. आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळा-पानांची चौकट, बांधून झाली की आई खाली उभी राहून एकेक फळाचं नाव घेते. कांगलां, कवंडळ, आंबाडे, तोरिंगां, सुपारीचा घोस. लहानपणापासून मी ते ऐकत आलो. यंदा ती नाव घेण्याआधी प्रत्येक फळाला हात लावून बघत होती. पाण्यापलीकडचं चक्रांग बदक मी पिसावरून ओळखतो, आणि आईला हातभरावरचं कवंडळ दिसत नाही हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं.

तुमचं मत सांगा. विरोधातलं असलं तरी चालेल, तेच जास्त हवं आहे.

खाजनातला

बाब, विरोधातलं हवं म्हणालात म्हणून स्पष्ट लिहितो. आईचं ऑपरेशन या आठवड्यात ठरवा, त्यात दुसरं मत असूच शकत नाही. पण त्यासाठी सहा महिने वही मिटायची गरज मला पटत नाही. ऑपरेशन एका दिवसाचं, त्यानंतरचं पथ्य थोड्या आठवड्यांचं. भावाशी बोलणं संध्याकाळी होतं. मुलगी पहाटे पाचला तुम्हाला शेजारी बसवून अभ्यास करते का?

आमची खाजन शेती, खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. बांधात खेकड्याने बीळ पाडलं की ते त्याच दिवशी चिखलाने बुजवावं लागतं. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं आणि मध्ये अमावास्येचं उधाण आलं, तर बीळ भगदाड होतं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की त्या वर्षीचं भात गेलंच, वर पुढचे काही पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत वाट बघावी लागते. नऊ वर्षांचा नेम हा तसाच बांध आहे. रोज मूठभर चिखल लागतो, पण फुटला तर पुन्हा बांधायला आयुष्यातली वर्षं जातात. दोन तासांचा अर्धा तास करा. पान लिहू नका, चार ओळी लिहा. पण सोडू नका.

डिचोलीची आत्या

खाजनातल्या भावा, बांधाची उपमा चांगली आहे, पण बांध कुणाच्या शेताचा ते आधी बघायला हवं. बीळ पडलंय ते घराच्या बांधाला.

माझे यजमान तीस वर्षं जत्रेच्या नाटकात काम करत. दरवर्षी दोन महिने तालमी. उत्तम नट होते, मला त्यांचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो. पण त्या दोन महिन्यांत सासूबाईंचं औषधपाणी, मुलांची दुखणी, गॅसच्या सिलिंडरपासून बँकेपर्यंत सगळं माझ्याकडे. काही म्हटलं की ते म्हणायचे, "लोक वाट बघतात गो." बघत होते, खोटं नाही. घरातले आम्हीही वाट बघत होतो, फक्त आम्हाला तिकीट नव्हतं.

दोन तासांचा हिशेब मला कुणी सांगू नये. छंद दोन तासांचा नसतोच. शनिवारी रात्री लवकर जेवण, कारण पहाटे उठायचंय. रविवारी दुपारी झोप, कारण पहाटे उठलो. संध्याकाळी बोलायचं नाही, कारण लिहायचंय. घराचा अख्खा रविवार त्यात जातो. यांना थांबावंसं वाटतंय तर थांबू द्या.

वाळपईचा पेटीवाला

आत्या, तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरीही मी विरोधातच लिहिणार, कारण मी हे करून बसलोय.

आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवायचो. घर बांधायला काढलं तेव्हा मंडळींना सांगितलं, एक वर्ष मला मोकळं करा. घर दोन वर्षांनी झालं. तोवर सोमवारच्या सरावाची वेळ ऑफिसच्या कामाने खाल्ली होती आणि मंडळात दुसरा पेटीवाला बसला होता, माझ्याहून बरा. पेटी कपाटावर होती. आपल्याकडची पावसाळी दमट हवा, दोन पावसाळ्यांत पट्ट्या फुगल्या, दोन-तीन सूर बसले. दुरुस्तीला नेईन म्हणतोय त्याला आता अकरा वर्षं झाली.

आणि जो वेळ मोकळा केला, तो घराला मिळाला का? पहिले दोन-तीन महिने मिळाला. मग तो कुठे गेला हे मला आजही सांगता येत नाही. फोनमध्ये गेला असावा. छंद सोडला की त्याची जागा कुटुंबच घेईल असं धरून चालू नका.

आकडेमोड

मी भावनेचं सोडून नोंदींचं बोलतो, कारण ते कुणी बोललं नाही.

२०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो देशव्यापी अहवाल आला, तो तुमच्या-माझ्यासारख्या ३० हजारांवर लोकांनी केलेल्या ३ कोटींच्या आसपास नोंदींवर उभा होता. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. पण दीर्घकाळात संख्या वाढली की घटली, हे फक्त ३३८ जातींबद्दल सांगता आलं. त्यातल्या २०४ घटलेल्या निघाल्या. उरलेल्या सहाशेंबद्दल बोलता येत नाही, कारण जुन्या सलग नोंदी पुरेशा नाहीत. चक्रांग, थापट्या, तुतवार, नीलपंख या जातींबद्दल त्या अहवालात विशेष काळजी व्यक्त झाली. यातली पहिली दोन बदकं, तिसरा काठावरचा पाहुणा, सगळे आपल्याकडे थंडीतच येतात. म्हणजे तुम्ही नेमका तोच काळ सोडताय ज्यासाठी तुमच्या वह्यांना मोल आहे. थांबायचंच असेल तर जून ते सप्टेंबर थांबा.

साखळीची बाय

रविवारी रात्री ते पान ज्यांना येतं त्यांतली मी एक. पाठीच्या दुखण्यात सहा महिने पडून होते, तेव्हा करमळीच्या तळ्यातलं देवभात, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडून पाणी सोडल्यावर उघडा पडलेला चिखल, हे सगळं मी त्या पानांतूनच पाहिलं. मला ते नसेल तर चुकल्यासारखं होईल. पण आईचा डोळा आणि माझं पान यात मला मध्ये धरू नका. आम्ही वाचणारे कुठे जात नाही.

खाजनातला

आत्या, एक उदाहरण देतो, रागावू नका. १९३० साली जर्मनीहून शिकून परतल्यावर पक्षीतज्ज्ञ सालिम अलींना मुंबईत नोकरी नव्हती. संसाराची विवंचना होती. अशा वेळी शहाणा माणूस म्हणेल, पाखरं बाजूला ठेव, आधी पोटाचं बघ. ते किहीमला जाऊन राहिले आणि सुगरणीची घरटी बघत बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि पुढचं विणायला घेतो, हे तिथे बसून टिपलं. त्या कामाने त्यांचं नाव झालं. अडचणीच्या काळात माणसाला तोल देणारी गोष्टच काढून घेतली तर तो अडचणीतून निघणार कसा?

डिचोलीची आत्या

रागावत नाही. पण त्यांच्या मोहिमांवर त्यांच्या पत्नी तहमिना बरोबर असत आणि तळावरची व्यवस्था त्याच बघत, तेही लिहा. १९३९ साली त्या गेल्या. शिवाय पाखरं हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं, रविवारचा विरंगुळा नव्हता. त्यांचं माप आपल्या घरांना लावू नये.

तोल देणारी गोष्ट काढून घेऊ नये, हे मात्र मला पटलं. यांनी तळ्यावर जावं. वही आणि दुर्बीण घरी ठेवून, आईला घेऊन जावं.

वास्कोचा वाटसरू

तुमच्या भांडणात माझं गाव घुसवतो. आमच्या दामोदराचा भजनी सप्ताह १८९९ पासून चालू आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि चोवीस तास भजन थांबत नाही. पण चोवीस तास कुणी एकटा गात नाही. एक मंडळ उठतं, टाळांचा नाद चालू असतानाच दुसरं बसतं. उठलेला माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. त्याने भजन मोडलं असं कुणी म्हणत नाही. सप्ताह दामोदराचा, गाणाऱ्याचा नव्हे.

काठकर, तुमची वही तुमची आहे की तळ्याची? तळ्याची असेल तर सहा महिने दुसऱ्याला बसू द्या.

आणि खाजनातल्या बाबांना एक सांगतो. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात. त्या दिवसांत जाळी विणून होतात, इंजिनं खोलली जातात, लग्नं-बारशी उरकतात. सगळ्यांना ठाऊक असतं की १ ऑगस्टला बाहेर पडायचंय. पेटीवाल्यांची सुट्टी बिघडली ती तारीख नव्हती म्हणून, असं मला वाटतं.

वाळपईचा पेटीवाला

तारीख होती हो. एक वर्ष म्हटलं होतं ना. तारीख पाळायला लावणारं कुणी नव्हतं. ट्रॉलरला सरकार आहे, मालक आहे, बर्फाचा कारखाना आहे. एकट्या माणसाच्या तारखेला कोण विचारतो? आणि दुसऱ्याला बसवलं की तो बसतो, हेही मी वर लिहिलंय.

करमळीचा काठ

दोन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. सविस्तर उत्तर देण्याइतकं माझंच डोकं जागेवर नाही, तरी प्रयत्न करतो.

खाजनातले बाब, अर्धा तास मला जमणार नाही. मी स्वतःला ओळखतो. अर्ध्या तासासाठी गेलो आणि लांब कुठे शेपटीची टोकदार रेघ दिसली, की तलवार बदक आहे का हे बघायला दहा वाजतील. मला थांबायचं तर पूर्णच थांबावं लागेल.

आकडेमोड, तुमचा आकडा रात्री डोक्यात फिरत राहिला. जूनमध्ये थांबा म्हणता, पण आईचा डोळा जूनपर्यंत ठेवायचा नाही, आणि दहावीची परीक्षा पुढे जाणार नाही. मी एवढं करीन की ती पानं कोरी सोडीन, वर तारीख आणि "गेलो नाही" एवढंच. शून्य लिहिणार नाही, शून्य म्हणजे गेलो आणि पक्षी दिसले नाहीत.

पेटीवाले, तुमचंच सगळ्यांत जास्त लागलं. मला भीती आहे ती तीच.

काल आईला विचारलं, मी तळ्यावर जायचं बंद करू का? ती म्हणाली, "कित्याक? तू परत येतोस तेव्हा सांगतोस ते मला आवडतं." मग थोडं थांबून म्हणाली, "पण डोळ्याचं काढलंस तर बरं." एवढंच. ऑपरेशनची तारीख घेतली आहे, पुढच्या गुरुवारची.

आकडेमोड

कोरं आणि शून्य वेगळं ठेवताय, त्याबद्दल आभार. माझं मत मात्र तेच आहे. सहा महिने गेले ते गेले, ते कुणाला भरता येणार नाहीत. तुम्ही थांबणं बरोबर असू शकतं आणि ते नुकसानही असू शकतं, दोन्ही एकदम.

खाजनातला

माझंही मत बदललेलं नाही. तुम्ही थांबू नये असंच वाटतं. पण वाटसरूंचं भजन डोक्यातून जात नाही. मी जुन्या गोव्याजवळ राहतो, तळं वीस मिनिटांवर आहे. बगळा आणि खंड्या सोडून मला फारसं ओळखता येत नाही. अडई आणि चक्रांग यांत गोंधळ होईल. तरी चालत असेल तर मार्चपर्यंत मी जातो. वही मात्र तुमचीच, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी ती घ्यायला तुम्ही तळ्यावर यायचं. पेटीवाल्यांच्या साक्षीने लिहितो.

वाळपईचा पेटीवाला

साक्ष दिली. त्या रविवारी मीही येतो.

करमळीचा काठ

बाब, वही शनिवारी आणून देतो. सूर्य पाठीशी राहील अशा बाजूला उभे राहा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. अडई तपकिरी, मान लांब, आणि उडताना शीळ घालते. शीळ ऐकली की शंका ठेवू नका. चक्रांग लहान, पंखावर हिरवा पट्टा, पाण्यावरून एकदम सरळ वर उठतो. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा आणि तेवढ्या जागा मोजत जा. थवा उठला तर तो खाली बसेपर्यंत लिहू नका. ओळखता आलं नाही तर "ओळख पटली नाही" असं लिहा, अंदाजाने नाव घालू नका. आणि घरी आल्यावर मला एक फोन करा. आईला स्पीकरवर ऐकवतो.