प्रतिसाद: संगीत दिन २१ जूनलाच कशाला?

वर कुणीतरी विचारलंय की शाळेत २१ जूनचा जागतिक संगीत दिन कसा साजरा करावा. माझं मत, ती तारीख सोडा. शाळा नुकती सुरू झालेली असते, विदर्भात तर कधीकधी झालेलीही नसते, आणि त्याच दिवशी योग दिन. मग स्पीकरवर गाणी लावून कार्यक्रम उरकला जातो.

ऑगस्टमध्ये करा ना! हिंदुस्थानी संगीताचे अभ्यासक विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६०, गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचा १८ ऑगस्ट १८७२, तोही आपल्या कुरुंदवाडचा. तोवर मुलं रुळलेली असतात, तालमीला वेळ मिळतो.

आणि त्या आठवड्यात मुलांना भातखंडे स्वरलिपी, म्हणजे गाण्याचे सूर कागदावर लिहायची पद्धत, नक्की दाखवा. कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर (चढ्या 'म'वर) उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर. परिपाठातल्या रोजच्याच प्रार्थनेची पहिली ओळ फळ्यावर अशी लिहिली की, जे आपण नुसतं ऐकून गातो ते लिहूनही ठेवता येतं, हे पोरांना कळतं. पाचवीच्या पुढची मुलं हे चटकन उचलतात. पेटी नसली तर मोबाइलवरचा तानपुरा चालेल. लेझीम-हलगीवाल्या पोरांना मात्र त्या दिवशी पहिल्या रांगेत घ्या, ताल त्यांच्याइतका पक्का कुणाचाच नसतो.