तिंट्यावरच्या जुन्या फोंतीची पाटी कशी वाचायची?

फोंडेकार: नमस्कार मंडळी, आमच्या गोव्यातल्या गावच्या तिंट्यावर, म्हणजे बाजाराच्या चौकात, चिऱ्याची एक जुनी फोंत, म्हणजे सार्वजनिक पाणवठा आहे, भिंतीत सिंहाचं तोंड आणि खाली दगडी कुंडी. आजी सांगायची, बाजाराच्या दिवशी गाडीवाले तिथं बैलांना पाणी पाजायचे, मग ओपा प्रकल्पाचं नळाचं पाणी घरोघर आलं आणि कुंडी सुकली ती सुकलीच, आता आत भाजीचा पाला नि गुटख्याच्या पुड्या. कुणाच्या तरी स्मरणार्थ बांधलीय एवढंच ठाऊक. वर संगमरवरी पाटी आहे पण पोर्तुगीज अक्षरं पार झिजलीत. रस्ता रुंद होणार म्हणतात, त्याआधी नाव तरी कळायला हवं हो.

माळ्यावरचा: दादा, आधी एक सांगतो, ॲसिड किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, ॲसिडनं संगमरवर विरघळतो आणि उरलंसुरलं अक्षरही जाईल. नुसत्या पाण्यानं पुसा आणि काळोख पडल्यावर टॉर्च बाजूनं तिरका धरून फोटो काढा, खाचेत सावली पडते नि अक्षर उठून दिसतं. आमच्या पणजीत फोंतेन्यस वाड्याचं नावच मुळी झऱ्यावरून पडलंय, त्यामुळे या गोष्टींवर जीव जडतो.

दिवचलची ताई: स्पेलिंगही बघा. 1911 साली पोर्तुगीज शुद्धलेखन बदललं, एकच अक्षर दोनदा लिहिणं आणि 'एफ'साठी 'पी-एच' लिहिणं गेलं. 'ऑफेरेसिदा' म्हणजे अर्पण, त्यात दोन एफ दिसले तर पाटी बहुतेक त्याआधीची. स्मरणार्थ पाणी देणं हे आपल्याकडे सगळीकडेच होतं, मुंबईत मशीद बंदरजवळ केशवजी नाईकांची प्याव, म्हणजे पाणपोई आहे, 1876 ची, वर घड्याळाचा मनोरा. साल कळलं की पणजीच्या पुराभिलेख खात्यात जा, सरकारी बोलेतीं, म्हणजे राजपत्र, 1837 पासून निघत होतं, कामाची परवानगी किंवा देणगी त्यात छापलेली असू शकते.

फोंडेकार: काल रात्री भाच्याला घेऊन गेलो, त्यानं टॉर्च धरला. एफ दोन आहेत! आणि खालच्या ओळीत 'सुआ मांय' स्पष्ट वाचता आलं, म्हणजे कुणीतरी आपल्या आईच्या नावानं बांधलीय. आईचं नाव मात्र तुटलेल्या कोपऱ्यात गेलंय. भाच्यानं तिथल्या तिथे कुंडीतला पाला काढला, मी सोमवारी पणजीला जातोय.