गाडीचं इंजिन : स्वतः बांधलं की तयार आणलं? अनुभव लिहा

आमची मारुती ८०० निळा धूर सोडायला लागली (म्हणजे इंजिनात ऑइल जळत होतं) तेव्हा घरात दोन तट पडले. धाकटा भाऊ म्हणाला, तयार शॉर्ट ब्लॉक आणू (पिस्टन-क्रँक बसवलेला इंजिनाचा खालचा भाग, गॅरेजवाले ज्याला हाफ इंजिन म्हणतात), चार दिवसांत गाडी दारात. मी म्हटलं, खोलू. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. एवढं सुटसुटीत इंजिन आपल्या हातानं बांधलं नाही तर पुन्हा कधी बांधणार?

बोअर (सिलिंडरचं भोक) आणि क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) घासणं हे मशीनचंच काम, ते घरी होत नाही. ब्लॉक लेथवर दिला, ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइजला बोअर मारून घेतला (म्हणजे भोक तेवढं मोठं केलं). पण तिथून आलेला ब्लॉक तसाच बांधायचा नसतो, हे त्या लेथवाल्या काकांनी शिकवलं. होनिंगच्या (बोअरच्या शेवटच्या घासणीच्या) दगडाची पूड बोअरच्या बारीक रेघांत बसलेली असते, नुसत्या डिझेलनं ती सुटत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घ्यायचा. मग पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं ऑइल घेऊन बोअर पुसायचा. माझं पहिलं फडकं राखाडी निघालं. दुसरं, तिसरं, चौथंही. सहाव्या धुण्यानंतर फडकं पांढरं राहिलं तेव्हा लगोलग सगळीकडे ऑइलचा हात फिरवला, कारण कोरड्या ओतीव लोखंडावर बघता बघता तांबूस गंज धरतो. ती पूड आत राहिली असती तर तिनेच पिस्टनच्या नव्या रिंगा खाल्ल्या असत्या.

वाल्व कव्हरवर (इंजिनाच्या वरच्या झाकणावर) हात ठेवून पहिल्यांदा ते इंजिन चालू झालेलं अनुभवलं, ते मी विसरणार नाही. माझं मत सरळ आहे : मोजायला शिकायची तयारी असेल तर बांधावं. तुमचं काय झालं, चुकलेलंही लिहा. चुकलेलं तर नक्की लिहा.

कोल्हापूर, महिंद्रा एमएम ५४०

प्यूजोचं २११२ सीसी डिझेल. याला लायनर (सिलिंडरच्या नळ्या) वेगळे, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात उभे. म्हणून बोअर मारायची भानगड नाही, लायनर-पिस्टनचा सेट आणला की घरीही बसतो असं वाटलं आणि तिथंच घात झाला. लायनर ब्लॉकच्या पातळीच्या केसभर वर उभा राहायला लागतो, म्हणजे हेड गॅसकिट (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) त्यावर दाबून बसतं. मी हे मोजलंच नाही. खालच्या बैठकीवर जुना थर राहिला होता, त्यामुळे तीन लायनर वर आणि एक खाली. गगनबावड्याचा घाट चढताना पाणी उकळलं. डिपस्टिक (ऑइलची पट्टी) काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. पुन्हा सगळं उतरवलं, बैठका खरवडून साफ केल्या, उद्यमनगरातून डायल गेज (केसभर फरक मोजणारं यंत्र) मागून आणला आणि चारही लायनर मोजले. तेव्हापासून आजतागायत हेड उघडलेलं नाही. तयार इंजिन घेतलं असतं तर हा त्रास वाचला असता, हे खरं. पण आता घाटात तापमानाचा काटा हलला तरी आत काय चाललंय ते मला कळतं.

मुंबई, ओम्नी

मी कुर्ल्याहून जुनं इंजिन आणलं. विकणाऱ्यानं बॅटरी जोडून चालू करून ऐकवलं, आवाज गोड. चार महिन्यांत खालून ठकठक सुरू झाली. संप (खालचं ऑइलचं भांडं) उतरवला तर तळाशी चंदेरी चुरा, क्रँक ज्यांवर फिरते त्या मेन बेअरिंगा तांब्यापर्यंत घासलेल्या. मला एवढंच सांगायचंय : जुनं इंजिन कानानं घेऊ नका. संप आणि वाल्व कव्हर उघडून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर निघून या.

पुणे, पद्मिनी

१०८९ सीसीचं नवं इंजिन आता आणायचं कुठून? त्यामुळे बांधण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि बरंच झालं. ब्लॉक तोच राहिला म्हणून इंजिन नंबर आरसीशी जुळतो. ब्लॉक बदलणाऱ्यांनी खरेदीचं पक्कं बिल जपावं, आरटीओत नवा नंबर आरसीवर चढवून घ्यावा, विम्याच्या पॉलिसीतही. नाहीतर क्लेमच्या वेळी अडकायला होतं.

मिशिगन, जुनी शेवरले पिकअप

इकडे पेटीत बंद नवं इंजिन मिळतं, त्याला क्रेट इंजिनच म्हणतात. तरी मी ३५० क्यूबिक इंचाचं व्ही-८ गॅरेजमध्ये एका हिवाळ्यात बांधलं. चार इंच बोअर, ३.४८ इंच स्ट्रोक, सगळी मापं तोंडपाठ झाली होती. त्यातला कॅम (वाल्व उघडणारा दांडा) जुन्या पद्धतीचा, सपाट टॅपेटचा; म्हणजे कॅमचे उंचवटे सपाट तुकड्यावर घासत फिरतात. असा नवा कॅम पहिल्यांदा चालू झाला की वीसेक मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवावा लागतो, कारण त्याला मुख्यतः क्रँकवरून उडणारं ऑइल मिळतं. माझं टायमिंग चुकलं होतं. इंजिन पकडेना, मी स्टार्टर मारत राहिलो, पकडलं तर आयडलवर सोडून टायमिंग जुळवत बसलो. कॅमचे दोन लोब (उंचवटे) सपाट झाले आणि तो लोखंडाचा कीस ऑइलबरोबर सगळीकडे फिरला. फार वाईट वाटलं. दुसऱ्यांदा रोलर कॅमचं (घासण्याऐवजी चाकावर फिरणाऱ्या) क्रेट इंजिन घेतलं, वॉरंटीसकट. माझ्यापुरता निर्णय बरोबर होता, वेळ संपली होती. जुना ब्लॉक मात्र अजून कोपऱ्यात ऑइल लावून झाकून ठेवलाय.

नाशिक, बोअरिंग मशीनवर तीस वर्षं

वरचं सगळं वाचलं. बांधणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँकला ब्लॉकशी धरून ठेवणारे तुकडे) ब्लॉकबरोबरच बोअर झालेल्या असतात. त्यांचा क्रम आणि दिशा बदलली की क्रँक जड फिरते, म्हणून खोलतानाच खुणा करा. आणि बोअर मारायला देताना ब्लॉकबरोबर नवे पिस्टन घेऊन या. लोक नुसता ब्लॉक टाकून जातात. पिस्टन-पिस्टनमध्येही फरक असतो, मी प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजतो आणि त्याच्या मापानं त्याचा बोअर मारतो. इथं शंभरावा भाग मिलिमीटरही मोठा असतो.

परवा एक मुलगी वडिलांबरोबर मारुतीचा ब्लॉक घेऊन आली. तिन्ही पिस्टन वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळलेले, वर मार्करनं १, २, ३. कॅपवर खुणा, बोल्ट डब्यांत लावून ठेवलेले. त्या दिवशी रांगेत चार ब्लॉक होते. मी तिचा आधी घेतला, आणि मशीनजवळ उभी राहून तिने तिन्ही मापं वहीत लिहून घेतली.