सोसायटीची वेबसाइट स्क्रीन रीडरवर चालत नाही, सुरुवात कुठून करू?

घोडबंदरकर
ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची साइट माझ्याकडे आहे. पानं तीनच: नोटिसा, मेंटेनन्सचा हिशोब, तक्रार अर्ज. एका सभासद काकांना दिसत नाही, ते एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतात. अर्जात त्यांना नुसतं ‘एडिट, एडिट, बटण’ ऐकू येतं. नोटिसा म्हणजे डीटीपीवाल्याच्या पीडीएफ, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येणारं तयार प्लगइन बसवलं तर भागेल का?

ऐरोलीकर
नाही, पैसे घालवू नका. ते अक्षरं मोठी करणार, रंग उलटे करणार. काकांना त्याचा काय उपयोग?

आधी पानाच्या एचटीएमएल टॅगमधला ‘लँग’, म्हणजे पानाची भाषा सांगणारा कोड, बघा. तयार टेम्पलेटमध्ये बहुतेक वेळा ‘ईएन’ (इंग्रजी) असतो, तो ‘एमआर’ (मराठी) करा. नाहीतर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे जातो, आणि काही आवाज देवनागरी सरळ गाळतात.

‘फ्लॅट नंबर’ हे शब्द प्लेसहोल्डरमध्ये, म्हणजे रकान्यातल्या फिकट सूचनेत, असतील तर बाहेर काढून लेबल, म्हणजे रकान्याला कोडमध्ये जोडलेलं नाव, करा. लेबलचा ‘फॉर’ आणि रकान्याचा ‘आयडी’ तंतोतंत एकच हवा. एक अक्षर चुकलं तरी जोड तुटते, आणि डोळसांना पान ठणठणीत दिसतं! बटणावर नुसतं कागदी विमानाचं चिन्ह असेल तर ‘पाठवा’ असा शब्द घाला. चूक लाल चौकटीने दाखवून थांबू नका, ‘मोबाइल नंबर १० अंकी हवा’ असं लिहा.

वाशी_सेक्टर१७
नोटिसांचं बघू. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काहीच आलं नाही तर तो फोटो आहे. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर फाइल कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, आणि स्क्रीन रीडरही ती खिचडीच वाचणार.

कन्व्हर्टरने युनिकोड (सगळीकडे चालणारी आजची मराठी अक्षरं) करा, पण वाचल्याशिवाय चढवू नका. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. ‘वार्षिक’मध्ये दोन्ही एकाच ‘ष’वर बसतात, म्हणून तो शब्द बिघडायला सोपा. वार्षिक सभेची नोटीसच आधी तपासा.

फोटोच्या ऑल्टमध्ये (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या मजकुरात) ‘नोटीस’ लिहून काही साधत नाही. ‘पाणी बंद: शुक्रवार सकाळी ९ ते शनिवार सकाळी ९’ हे पानावरच टाइप करा. कमी दिसणाऱ्या आजी-आजोबांनाही तेच मोठं करून वाचता येईल.

आणि वरच्या भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं असतील तर बदला. एफएफ९९३३ हा रंग-कोड असलेल्या भगव्यावर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदचा फरक) जेमतेम २.१:१ भरतो, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीच्या एए पातळीला साध्या अक्षरांसाठी ४.५:१ लागतो. काळी अक्षरं ९.८:१ देतात.

घोडबंदरकर
चित्रातली अक्षरं ओळखायचा कॅप्चाही आहे. काढला तर स्पॅमचं काय?

ऐरोलीकर
काढाच. त्याऐवजी एक फसवा रकाना ठेवा: माणसाला दिसत नाही, बॉट (आपोआप अर्ज भरणारा प्रोग्राम) भरतो, भरलेला अर्ज सर्व्हर टाकून देतो. फक्त तो स्क्रीनबाहेर डावीकडे ढकलून लपवू नका. स्क्रीन रीडर तो वाचतो, काका इमानदारीत भरतात आणि तक्रार गुपचूप कचऱ्यात जाते. सीएसएसमधल्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमधल्या) ‘डिस्प्ले नन’ने लपवा, ऑटोफिलही बंद ठेवा.

एनव्हीडीए फुकट आहे, स्वतःच्या मशीनवर टाका. इन्सर्ट धरून एफ७ दाबा आणि फॉर्म फील्ड निवडा. ज्या रकान्याची ओळ बिननावाची दिसेल, त्याचं लेबल अजून जोडलेलं नाही.