अकाउंट्समधून प्लँटकडे जावं का?

एका ताईंनी विचारलंय, की बी.कॉम.नंतर आठ वर्षं अकाउंट्समध्ये गेली, आता कंपनी प्लँट सांभाळायला सांगतेय, घ्यावं का? ताई, नक्की घ्या. मी नाशिकच्या अंबडला एका फोर्जिंग कारखान्यात (तापवलेलं स्टील डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठोकून भाग बनवतात तिथे) हेच केलं.

सुरुवातीला स्टीलचे गोल बार कापणाऱ्या बँडसॉपाशी उभा राहायचो. मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो, हे तिथल्या ऑपरेटरकाकांनी शिकवलं. ५० मिमीचा बार मीटरला साधारण १५.४ किलो. अकाउंट्सच्या लेजरमध्ये 'मटेरियल' ही एकच ओळ असते. तिच्यात ब्लेडने खाल्लेलं स्टील, उरलेले तुकडे, फ्लॅश (ठोकताना डायच्या कडेने बाहेर येणारं जादा स्टील) सगळं दडलेलं असतं. ते घेतलेलं असतं स्टीलच्या भावाने आणि जातं भंगाराच्या. हे रुपयांत मांडलं की इंजिनिअर मंडळी स्वतःहून कटिंग लेंथ तपासायला बसतात.

आपल्या मालाचं मशीनिंग करून देणाऱ्या सातपूरच्या छोट्या कारखानदारांचे पैसे छोट्या उद्योगांसाठीच्या कायद्यातल्या ४५ दिवसांच्या आत द्या. अडीअडचणीला तेच रात्रपाळी लावून माल देतात.

आणि डाय मेंटेनन्सचं बजेट कापू नका. मी पहिल्याच वर्षी कापलं, रिजेक्शन वाढलं, वाचवलेल्यापेक्षा जास्त गेले.