पुण्याहून गोवा, दांडेली, तीर्थन: गळाने मासे धरताना कुठल्या राज्याचा नियम लागतो?

कोथरूडचा_गळ विचारतात:

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरला की आम्ही चौघे पुण्याहून गाडीने निघणार आहोत. पहिले दोन दिवस तेरेखोल खाडी, काठावरून जिताडा आणि तांबोशीसाठी. मग दांडेलीजवळ काळी नदी. पुढे दिवाळीच्या सुट्टीत दोघे जण हिमाचलात, तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी. सामान म्हणजे दोन स्पिनिंग रॉड, एक फ्लाय रॉड, ल्यूर (नकली आमिष), आणि थर्मोकोलची एक मोठी पेटी.

प्रश्न असे: एका राज्यात काढलेला परवाना दुसऱ्या राज्यात चालतो का? माणशी किती मासे ठेवता येतात? आणि गोव्यात धरलेला मासा पेटीत घालून बांद्यावरून महाराष्ट्रात आणला आणि कोणी गाडी उघडायला लावली, तर जवळ काय असायला हवं? नेटवर जे सापडतं ते बहुतेक अमेरिकेतल्या नियमांबद्दल आहे.

भीमाकाठ:

परवाना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला विषय आहे (नोंद २१), त्यामुळे देशभर चालेल असा गळाचा परवानाच नाही. आपल्याकडे महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६०, हिमाचलचा १९७६ चा कायदा, कर्नाटकाचा अंतर्गत जलाशयांसाठीचा १९९६ चा. देशभर सारखा असा जुना धागा एकच, १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं गुन्हा आहे, हे त्यात आहे.

पण तुमचा प्रश्न मी थोडा वळवतो. 'माणशी किती' हा आपल्या भागात दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे पाणी कोणाच्या ताब्यात आहे. लोक अडकतात ते बहुतेक तिथेच. पाणी चार प्रकारचं असतं.

एक, धरणाचा जलाशय. उजनी असो की भाटघर, मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. पाण्यात बोटुकली (माशांची पिल्लं) सोडण्याचा खर्च संस्थेने केलेला असतो, म्हणून कटला-रोहूवर हक्क तिचा. तिथे गळ टाकायचा तर आधी संस्थेच्या माणसाशी बोला, पैसे घेतले तर पावती मागा आणि पावतीवर तारीख व जलाशयाचं नाव लिहून घ्या. ठेका कोणाकडे आहे ते जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात समजतं. धरणाची भिंत, सांडवा आणि विमोचकाच्या (पाणी सोडण्याच्या दाराच्या) तोंडाशी परवानगी असली तरी बसू नये. ते जलसंपदा खात्याचं प्रतिबंधित क्षेत्र असतं, आणि पाणी सोडलं की पातळी फार झपाट्याने चढते.

दोन, खाडी आणि समुद्र. त्यावर दुसरे जाणकार लिहितीलच.

तीन, देवाचे डोह. महाडजवळचं वाळणकोंड, कर्नाटकात शृंगेरी आणि शिशिला इथल्या डोहांतले महसीर (नदीतले मोठे मासे) भाविकांनी राखले आहेत. त्या डोहाच्या वर-खालीही लांबपर्यंत गळ टाकू नका. मासा डोहाची हद्द पाळत नाही आणि गाव ते बरोबर ओळखतं.

चार, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प. तुमच्या बेतातला सगळ्यात धोक्याचा टप्पा हाच आहे. दांडेलीच्या आसपासचा मोठा पट्टा काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २९ अभयारण्यातले वन्यजीव नष्ट करायला किंवा बाहेर न्यायला मनाई करतं. मासा कायद्याच्या अनुसूचीत (संरक्षित प्राण्यांच्या यादीत) आहे की नाही, याने तिथे फरक पडत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कलम ३१: लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरायचं नाही. आणि याच कायद्यातली हत्याराची व्याख्या वाचलीत तर त्यात बंदूक आणि सापळ्यांच्या रांगेत गळ, सुरी आणि जाळंही आहे. म्हणजे पाण्याला हात न लावताही डिकीतला ल्यूरचा डबा अडचणीत आणू शकतो. 'आम्ही पकडून सोडतो' हे उत्तर तिथे चालत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर कलम ३९ प्रमाणे वापरलेलं साहित्य आणि वाहनसुद्धा सरकारजमा होतं, आणि २०२२ च्या दुरुस्तीने साध्या उल्लंघनाचा दंडही एक लाखापर्यंत नेला आहे.

म्हणून दांडेलीचा टप्पा एक तर गाळा, नाही तर व्याघ्र प्रकल्पाबाहेरच्या पाण्यासाठी वन आणि मत्स्य अशा दोन्ही खात्यांकडून लेखी परवानगी घ्या. रिसॉर्टवाला 'चालतं हो इथं' म्हणाला, एवढ्यावर रॉड जोडू नका. रस्ता जंगलातून जात असेल तर वनखात्याच्या नाक्यावर आधीच सांगा, आणि रॉड सुटे करून नळीत, ल्यूर-गळ कुलूपबंद पेटीत ठेवा. बरोबर हिमाचलचा परवाना असेल तर सामान कशासाठी आहे ते कागदावर दिसतं.

खाडीवरचा_आरोंदा:

तेरेखोलबद्दल. ही खाडी फसवते. उत्तर काठ महाराष्ट्राचा, दक्षिणेला केरी गोव्याची, हे नकाशात सरळ दिसतं. पण तेरेखोल किल्ला आणि गाव उत्तर काठावर असूनही गोव्यात आहे. काठाकाठाने समुद्राकडे चालत गेलात तर पाणी न ओलांडताच राज्य बदलतं. म्हणून आधी बसायची जागा ठरवा आणि त्या राज्याच्या मत्स्य कार्यालयात त्याच जागेचं नाव घेऊन विचारा. 'तेरेखोल खाडी' एवढंच सांगितलं तर उत्तर अर्धवट मिळतं.

काठावरून गरवायचं की बोटीतून, याने नियम पूर्ण बदलतात. बोटीतून म्हटलं की किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या-त्या राज्याचा सागरी मासेमारी कायदा. आपला १९८१ चा, गोव्याचा १९८० चा. बोटीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना ज्या राज्याचा, त्याच हद्दीत तिने मासेमारी करायची. बोटीवरचा क्रमांक बघा: आयएनडी-एमएच म्हणजे आपली, आयएनडी-जीए म्हणजे गोव्याची. आपल्या काठावरच्या आरोंद्याहून निघालेला बोटवाला पलीकडे केरीच्या तोंडाशी गळ टाकू देत असेल, तर कारवाई बोटीवर होते आणि तुम्ही त्या बोटीत असता. शिवाय मच्छीमार बोट आणि प्रवासी बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवासी नेण्याचा परवाना आणि माणशी लाइफ जॅकेट नसेल तर बसू नका.

१ जून ते ३१ जुलै हा पश्चिम किनाऱ्यावरचा बंदी काळ. ती बंदी यांत्रिक बोटींवर असते, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट असते. राज्य कधी कधी तारीख पुढे ढकलतं, म्हणून त्या वर्षीचा आदेश बघा. पाऊस ओसरल्यावर जाताय तर हा अडसर बहुधा राहणार नाही.

आता आकारमान. महाराष्ट्राने २०२३ मध्ये समुद्री मासळीचं किमान आकारमान ठरवून दिलं. उदाहरण द्यायचं तर पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरायचं नाही. केरळाने हे २०१५ मध्येच सुरू केलं आणि तिथे बांगड्याला १४ सेंटिमीटर आहे. प्रत्येक राज्याची यादी वेगळी, मिलिमीटर वेगळे. कागद डाऊनलोड करून फोनमध्ये ठेवा, खाडीच्या तोंडाशी रेंज मिळेलच असं नाही.

कर्लीची खाडी किंवा मालवणकडे वळणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. भीमाकाठ यांनी वर लिहिलेलं सगळं तिथेही लागू. आणि गळाला करवत मासा लागला तर तो बोटीवर घ्यायचाच नाही, दोरी गळाशी कापून सोडायचा. तो, व्हेल शार्क आणि समुद्रघोडे अनुसूची १ मध्ये आहेत.

पहाडी_पाणी:

हिमाचलचं आधी तारखेचं बघा. ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर पूर्ण बंदी असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. दिवाळी नोव्हेंबरात येते त्या वर्षी सुट्टी नेमकी बंद हंगामात पडते. तिकिटं काढण्याआधी पंचांग बघा. तारीख चुकत असेल तर मार्च-एप्रिल धरा, मात्र बर्फ वितळू लागला की दुपारनंतर पाणी गढूळ होतं, तेव्हा सकाळी लवकर बसायचं.

परवाना मत्स्य विभागाचा. तीर्थनच्या खोऱ्यात विभागाचा नागिनीला ट्राउट फार्म आहे, तिथे चौकशी करा. नदीचा वरचा भाग ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात जातो. तिथे गळ नाहीच, खालच्या भागात परवान्यावर. काश्मीरला जाणाऱ्यांसाठी सांगतो, तिथे नदी बीटमध्ये (आखून दिलेल्या पट्ट्यांत) वाटलेली असते. परवाना एका बीटचा आणि ठरलेल्या दिवसांचा, शेजारच्या बीटमध्ये गेलात की तो रद्दी.

माणशी किती, याचं उत्तर परवान्यावर छापलेलं असतं: दिवसाला किती मासे, किमान लांबी किती, कुठलं आमिष चालतं. तेवढंच खरं धरा, जुन्या पोस्टमधले आकडे धरू नका. दोन जणांचा कोटा एकत्र करून एकाने मासे धरायचे नाहीत. परवाना माणसाचा आणि त्याच्या एका रॉडचा असतो. एकाच पिशवीत दोघांचे मासे मिसळले की कोणाचे किती ते सांगता येत नाही, म्हणून पिशव्या वेगळ्या ठेवा.

लांबी मोजतानाही घोटाळा होतो. सपाट ओली फळी, तोंड मिटलेलं, नाकाच्या टोकापासून शेपटी दाबून जुळवल्यावर येणाऱ्या टोकापर्यंत ही एकूण लांबी. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजली तर ती काट्याची लांबी. सुरमईसारख्या खोल खाचेच्या माशात या दोहोंत चांगलं अंतर पडतं. नियमात कुठली म्हटली आहे ते वाचा. अंगावरून टेप वाकवून मोजलं तर लांबी जास्त येते आणि लहान मासा ठेवला जातो. मासा सीमारेषेवर असेल तर सोडा.

सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा घरीच पकडीने दाबून सपाट करून आणा. नदीवर थंड हाताने तो नीट दाबला जात नाही. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. ओठाला धरून उभा लटकवू नका. दोरी फार बारीक लावली की झुंज लांबते आणि पोहून गेलेला मासाही नंतर मरतो.

कोथरूडचा_गळ:

खूप आभार. दांडेली गाळतो. आता उरलं ते परत आणायचं. आणि एक, तेरेखोलला आमिषासाठी इथून जिवंत चिलापी किंवा लहान मासे बादलीत एअर-पंप लावून न्यायचा विचार होता. चालेल का?

भीमाकाठ:

जिवंत काहीही नेऊ नका. कळकळीने सांगतो. चिलापी, आफ्रिकन मांगूर, सकर हे बाहेरून आलेले मासे उजनीत आणि आपल्या नद्यांत कसे माजलेत ते बघा. मांगुरावर तर देशभर बंदी आहे. बादलीतलं उरलेलं आमिष शेवटी कुठल्यातरी पाण्यातच ओतलं जातं. महसीरचं उदाहरण तर आपल्याच घरचं आहे. खुद्री महसीर साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतल्या माशावरून नोंदवला, म्हणजे तो आपला. १९७० च्या दशकात लोणावळ्याच्या केंद्रातली त्याची बोटुकली कावेरीत सोडली, हेतू चांगलाच होता. पण तिथला मूळचा कुबडा महसीर मागे हटला, आणि २०१८ मध्ये तो आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या) यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. एका खोऱ्यातला चांगला मासासुद्धा दुसऱ्या खोऱ्यात घातक ठरू शकतो. आमिष तिथल्या बाजारातून घ्या: कोळंबी, बांगड्याचे तुकडे. जाळी, बूट, बोटीचा तळ धुऊन पूर्ण वाळवूनच पुढच्या नदीवर न्या.

परत आणताना मासा डोकं-शेपटीसह अख्खा ठेवा. फक्त आतडी आणि कल्ले काढा, पोटात बर्फ भरा. तुकडे केले की जात आणि लांबी दाखवता येत नाही, मग नाक्यावर तुमच्या शब्दाशिवाय काही उरत नाही. बर्फ माशाच्या वजनाइतका तरी घ्या, आणि पेटीला खाली भोक पाडून वितळलेलं पाणी बाटलीत काढत राहा, कारण मासा पाण्यात तरंगला की लवकर नासतो. प्रत्येक पिशवीवर तारीख, जागा आणि धरणाऱ्याचं नाव. परवाना किंवा पावती कागदावर, फोनमध्ये तिचा फोटो. बाजारातूनही मासे घेतलेत तर ते वेगळ्या पिशवीत आणि बिल सोबत. परतताना वाटेत पुन्हा गळ टाकलात तर ते नवे मासे आधीच्या माशांत मिसळू नका.

पहाडी_पाणी:

विमानाने जाणाऱ्यांसाठी एवढंच: गळ, ल्यूर, पकड, सुरी हे सगळं चेक-इनच्या बॅगेत. कोरडा बर्फ न्यायचा तर माणशी अडीच किलोची मर्यादा, आणि विमान कंपनीला आधी सांगावं लागतं. डबा हवाबंद करू नका, आतला वायू बाहेर पडायला जागा लागते. ट्रेनच्या डब्यात वास सुटणारं सामान नेता येत नाही, त्यामुळे मासे आणायचे असतील तर गाडी बरी.

सातसमुद्र:

अमेरिकेत मुलाकडे जाणाऱ्यांनाही हा धागा उपयोगी पडेल म्हणून जोडतो. तिथेही परवाना राज्याचाच. फरक असा की १९०० चा लेसी कायदा आहे: एका राज्यात नियम मोडून धरलेला मासा दुसऱ्या राज्यात नेला तर तो केंद्रीय गुन्हा होतो. तिथे दिवसाची मर्यादा आणि ताब्यातली मर्यादा अशा दोन गोष्टी असतात. दुसरीत बऱ्याच ठिकाणी फ्रीजरमधले मासेही मोजले जातात. सीमेवरच्या काही पाण्यांत दोन्ही राज्यांचे परवाने चालतात, टाहो सरोवरावर कॅलिफोर्नियाचा किंवा नेवाडाचा, कुठलाही एक पुरतो. पण ती सूट त्या पाण्यापुरतीच. सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यावर गेलात की तो ओढा ज्या राज्यात, त्याच राज्याचा परवाना लागतो.